सर्व्हरवरच्या फालतू सर्व्हिसेस: डिसेबल, मास्क का सरळ पर्ज?

लातूरला आमच्या ऑफिसात जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू टाकून दोन-तीन क्लासेसच्या साइट चालवतो आणि उन्हाळ्यात लाइट गेली, इन्व्हर्टरनं मान टाकली की मशीन परत बूट होतं अन् कप्स (प्रिंटिंगचं), अवाही (नेटवर्कवरची उपकरणं शोधणारं), ब्लूटूथ असलं मागं चालणाऱ्या सर्व्हिसेसचं सगळं लटांबर सोबत उठतं. वेब सर्व्हरला ब्लूटूथ कशाला हो?

सिस्टमसीटीएल कमांडनं डिसेबल करणं म्हणजे बूटला आपोआप उठू नको, एवढंच. चालू असलेली सर्व्हिस त्यानं बंद होत नाही, सोबत 'नाऊ' हा पर्याय लावावा लागतो. ब्लूटूथ, मोडेममॅनेजरला (मोबाइल डेटाचे डोंगल सांभाळणारं) एवढं बास. पण दुसऱ्या कुणी हाक मारली की ती उठून बसते. मी कप्स डिसेबल केलं, रिस्टार्ट केलं, एसएस ही कमांड मारून उघडे पोर्ट (नेटवर्कवरून आत यायची दारं) बघितले तर कप्सच्या 631 वर साहेब परत हजर! अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळालं, नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणारं कप्स-ब्राउझ्ड चालूच होतं, त्याला कप्स लागतंच, मग तेच ओढून आणायलंय.

मास्क केलं की युनिट (सर्व्हिसची फाइल) थेट डेव्ह-नल ह्या रिकाम्या फाइलला जोडलं जातं, मग सॉकेट (पोर्टवर कुणी आलं की सर्व्हिस उठवणारं) असो, दुसरी सर्व्हिस असो का तुम्ही स्वतः, कुणालाच ते चालू करता येत नाही. मी दोन्ही मास्क केले, कारण सप्टेंबर 2024 मध्ये कप्स-ब्राउझ्डमधली सुरक्षेची भानगड बाहेर आली, यूडीपी (नेटवर्कवर डेटा पाठवायची एक पद्धत) पोर्ट 631 वर कुठूनही आलेलं पॅकेट ते खरं मानायचं. त्रास एकच, आपण केलेलं आपणच विसरतो. दिवाळीत ऑफिसातल्या पोरानं त्याच मशीनला प्रिंटर लावला, स्टार्ट म्हटलं की 'युनिट मास्क्ड आहे', आणि तो बिचारा केबलच बदलत बसला.

पर्ज म्हणजे पॅकेजच सेटिंगसकट काढून टाकणं, ते सगळ्यात साफ, अपडेटचीही कटकट नाही. फक्त सोबत काय काय जाणार ती यादी वाचल्याशिवाय होकाराचं वाय दाबू नका. निव्वळ सर्व्हर असेल, प्रिंटरचा संबंधच नसेल तर मी हेच म्हणेन.

साइट पळायला लागेल ही आशा मात्र नको, ह्या सर्व्हिसेस बहुतेक वेळ झोपलेल्याच असतात, फायदा उघडे पोर्ट कमी होण्याचा आहे. आणि झाडलोटीच्या जोशात एसएसएच (लांबून लॉगिन), क्रॉन (ठरल्या वेळची कामं), टाइमसिंक (इंटरनेटवरून घड्याळ जुळवणारं) ह्यांना हात लावू नका. जुन्या मदरबोर्डचा सेल गेलेला असला की लाइट गेल्यावर घड्याळ पार मागं जातं, टाइमसिंक बंद असेल तर अपडेट अन् सर्टिफिकेट रिन्यू दोन्ही अडतात.