फ्रीबीएमडी वापरून बघितलं: विलायतेत गेलेल्या चुलत पणजोबांची पुढची पिढी शोधायची असेल तर

आधीच सांगते, इंग्लंड-वेल्समधल्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी शोधायची ही साइट दिसायला जुनाट आहे, मोबाईलवर उघडू नका, लॅपटॉपवरच बसा. पण फुकट आहे, लॉगिन लागत नाही, कार्ड नंबर मागत नाही, आणि ज्यांच्या घरातलं कोणी इंग्लंडला जाऊन तिथलंच झालंय त्यांच्यासाठी ह्याच्याइतकी कामाची दुसरी जागा मला सापडली नाही. पाचपैकी साडेचार.

आमची केस अशी. आजोबांचे सख्खे काका १९२० च्या दशकात डॉक्टरी शिकायला लंडनला गेले, तिथेच एका इंग्रज बाईशी लग्न केलं, इकडे घरात बोंबाबोंब झाली, थोडी वर्षं पत्रं आली आणि मग तीही थांबली. आमच्या कुलवृत्तांतात त्यांच्या नावापुढे फक्त "विलायतेस स्थायिक" एवढंच आणि खाली रेघ. म्हणजे वर जायला काही अडचण नाही, मूळ पुरुषापर्यंत सगळं छापलेलं आहे, प्रश्न खाली यायचा होता, त्यांना मुलं किती, ती कुठे गेली, आज कोण आहे.

तर फ्रीबीएमडी म्हणजे काय, इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली, तिची दर तिमाहीची इंडेक्स पुस्तकं होती, ती स्वयंसेवकांनी १९९८ पासून बसून बसून टाइप केलीत आणि अजून करतायत. लक्षात घ्या, हा फक्त इंडेक्स आहे, दाखला नाही. नाव, तिमाही, रजिस्ट्रेशन डिस्ट्रिक्ट, व्हॉल्यूम आणि पान नंबर. एवढ्यात काय होणार असं वाटतं ना, पण खरी गंमत एका रकान्यात आहे.

सप्टेंबर १९११ च्या (म्हणजे जुलै ते सप्टेंबर) तिमाहीपासून जन्माच्या इंडेक्समध्ये बाळाच्या नावापुढे आईचं माहेरचं आडनाव छापायला लागले. आणि मार्च १९१२ पासून लग्नाच्या नोंदीत जोडीदाराचं आडनाव. आता विचार करा, आमचं आडनाव "कर" नं संपणारं, अख्ख्या इंग्लंडात त्या काळात ते किती जणांचं असणार, आणि त्यात आईचं माहेरचं नाव इंग्रजी. लग्नाच्या सर्चमध्ये आडनाव टाकलं, बायकोचं आडनाव मिळालं, मग जन्माच्या सर्चमध्ये सरनेमच्या खोक्यात आमचं आडनाव आणि आईच्या खोक्यात तिचं, एंटर. सगळी भावंडं एकाखाली एक. दोन मुली, एक मुलगा. स्मिथ आणि जोन्सवाले लोक ह्या साइटवर आयुष्य घालवतात, आपल्याला आडनावाचा असला फायदा कधी मिळतो सांगा! आपल्याकडच्या छापील वंशावळीत लेकी-सुना बहुतेक वेळा गाळलेल्या असतात किंवा "कन्या २" एवढंच, आणि इथे बाईच्या माहेरच्या नावाशिवाय पुढे सरकताच येत नाही, ह्यावर आमच्या आत्यानं जे काही ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

काही टिपा, कारण ह्या कोणी सांगत नाही. एक म्हणजे तिमाही ही नोंदणीची आहे, जन्माची नाही. बाळाची नोंद करायला ४२ दिवसांची मुदत असते, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी जन्मलेलं पोर मार्चच्या तिमाहीत, म्हणजे पुढच्या वर्षात सापडू शकतं, सर्चची रेंज दोन्हीकडून सैल ठेवा. स्पेलिंगचं तर विचारूच नका. आपल्या आडनावाचं इंग्रजी रजिस्ट्रारनं कानाला आलं तसं केलेलं असतं. फोनेटिकचा, म्हणजे उच्चारावरून शोधायचा टिकमार्क आहे पण तो इंग्रजी हिशोबाचा, पहिलं अक्षर बदललं की संपलं, त्यामुळे वाघ, वैद्य, वर्तक वगैरे मंडळींनी व्ही आणि डब्ल्यू दोन्हीनं वेगवेगळं शोधा. शिवाय मधलं नाव म्हणून वडिलांचं नाव लावायची आपली पद्धत तिथे कधी टिकते कधी नाही, आणि कधी तर वडिलांचं नावच आडनाव होऊन बसतं, तेही एकदा टाकून बघाच.

नोंदीपुढे चष्म्याचं चित्र असतं, त्यावर क्लिक केलं की मूळ इंडेक्स पानाचा स्कॅन दिसतो, तो बघायचाच. टाइप करणारे हौशी लोक आहेत, यू आणि एन मध्ये गडबड होणारच.

मुलगा शोधणं सोपं, आडनाव तेच राहतं. मुली लग्न झालं की गायब. त्यासाठी परत लग्नाचा इंडेक्स, मुलीचं नाव आणि आमचं आडनाव, नवऱ्याचं आडनाव समोर, मग ते नवऱ्याचं आडनाव आणि आईच्या खोक्यात आमचं. असं एक पिढी खाली उतरलात की तीच युक्ती परत. थोरलीचं असं पटकन मिळालं. धाकटीचं लग्न मिळेना, तेव्हा १९३९ च्या रजिस्टरनं वाचवलं. हे रजिस्टर २९ सप्टेंबर १९३९ ला, युद्ध सुरू झाल्या झाल्या, ओळखपत्रं आणि रेशनसाठी घरोघर केलेलं, आणि पुढे कित्येक वर्षं तेच आरोग्यसेवेसाठी वापरात राहिलं, त्यामुळे लग्न झालेल्या बायकांचं नवीन आडनाव जुन्या आडनावाशेजारी हातानं लिहिलेलं सापडतं. सोनं आहे सोनं. जन्माला १०० वर्षं व्हायची आहेत आणि मृत्यूची खात्री नाही अशांची ओळ मात्र झाकलेली असते. हे रजिस्टर पैसेवाल्या साइट्सवर आहे, पण ब्रिटनमधल्या बऱ्याच पब्लिक लायब्ररीत त्या साइट्स फुकट बघता येतात, आमचा भाचा लेस्टरला आहे, त्याला शनिवारी लायब्ररीत पाठवला.

पैसेवाल्या साइट्सवरून आठवलं. एकीची फ्री ट्रायल घेतली होती, वेळेत कॅन्सल केली, कन्फर्मेशनचा मेलही आला, तरी कार्डातून वर्षाचे पैसे गेले आणि परत मिळवायला बँकेशी भांडावं लागलं. नाव घेत नाही. फ्री ट्रायल घ्यायचीच असेल तर इंटरनॅशनल व्यवहार बंद करता येणाऱ्या कार्डानं घ्या, एवढंच सांगते.

मृत्यूचा इंडेक्सही कामाचा. १८६६ पासून वय दिलेलं असतं आणि १९६९ च्या जून तिमाहीपासून थेट जन्मतारीख, त्यामुळे लग्नानंतरच्या आडनावाची ही बाई म्हणजे आपलीच का हे ताडून बघता येतं. पुढे दाखला हवा असेल तर तो फ्रीबीएमडी देत नाही, इंडेक्समधला व्हॉल्यूम आणि पान नंबर घेऊन जनरल रजिस्टर ऑफिसकडून, म्हणजे तिथल्या सरकारी नोंदणी कार्यालयाकडून मागवायचा, मी मागवला तेव्हा साडेबारा पौंड होते. सगळे मागवत सुटू नका, लग्नाचा एक मागवा. त्यात नवरा-नवरी दोघांच्या वडिलांची नावं आणि व्यवसाय असतो, आणि आमच्या थोरल्या मुलीच्या दाखल्यावर वडिलांपुढे फिजिशियन लिहिलेलं बघितल्यावर शंकाच उरली नाही. (आयांची नावं त्यांच्या लग्नाच्या दाखल्यावर यायला २०२१ चा मे उजाडावा लागला, म्हणजे गोरे लोकही काही फार पुढे नव्हते.)

कमतरता काय, तर अलीकडच्या वर्षांचं काम अजून पूर्ण नाही, त्यामुळे आज हयात असलेल्या माणसापर्यंत ही साइट एकटी पोचवत नाही. शेवटचा टप्पा मृत्युपत्रांचं सरकारी सर्च आणि लंडन गॅझेट ह्या सरकारी राजपत्रातल्या मयतांच्या इस्टेटीच्या नोटिसा ह्यावर पार पडतो, दोन्ही ऑनलाइन आहेत. कुटुंबानं आडनाव बदलून इंग्रजी केलं असेल तरी इंडेक्समध्ये माग तुटतो, तेव्हाही गॅझेट बघा, नाव बदलल्याच्या नोटिसा तिथे छापून यायच्या.

आणि माणूस सापडला की लगेच फेसबुकवर "हॅलो आय ॲम युवर कझिन" करू नका, स्कॅम समजून ब्लॉक करतात, आणि त्यांचं काय चुकलं. कागदावर पत्र लिहा, जुन्या फोटोची कॉपी जोडा, पैसे-प्रॉपर्टीचा विषय नाही हे पहिल्या परिच्छेदात लिहा, आणि उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही हेही. धाकट्या मुलीच्या घरून काहीच उत्तर आलं नाही, ठीक आहे. थोरलीच्या मुलीचं आलं. तिला आजोबा "बॉम्बेजवळचे कुठलेतरी" एवढंच माहीत होतं, आता गावाचं नाव, देवळाचा फोटो, कुलवृत्तांताचं ते पान सगळं पाठवलंय आणि तिचे रोज नवे प्रश्न येतायत, कालचा प्रश्न गोत्र म्हणजे काय हा होता, त्यावर बाबा अजून उत्तर टाइप करतायत.

तुमचे पूर्वज एडिनबरा किंवा ग्लासगोला गेले असतील तर मात्र इथे वेळ घालवू नका, स्कॉटलंडची नोंदणी वेगळी, १८५५ पासूनची, तिच्यासाठी स्कॉटलंड्सपीपल नावाची साइट आहे. तिथे क्रेडिट विकत घ्यावे लागतात पण इंडेक्स नाही, मूळ नोंदच दिसते, आई-बाप दोघांच्या नावासकट. फक्त ऑनलाइन बघायला जन्म १०० वर्षं, लग्न ७५ आणि मृत्यू ५० वर्षं जुना असावा लागतो. त्या काळचे आपले बरेच डॉक्टर तिकडेच परीक्षा द्यायला जायचे, तेव्हा आधी घरातलं पदवीचं सर्टिफिकेट शोधा, त्यावर कॉलेज कुठलं ते बघा, मग ठरवा कुठली साइट उघडायची.