मेरिडा की मोआना?

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत सुट्टीत मुलांसाठी सिनेमा लावायचा म्हटलं की 'ब्रेव्ह' (२०१२) आणि 'मोआना' (२०१६) या अ‍ॅनिमेशनपटांची नावं हमखास निघतात. माझं मत 'ब्रेव्ह'ला.

'ब्रेव्ह'मधल्या राजकन्या मेरिडाचं लग्न ठरवायला धनुर्विद्येची स्पर्धा भरते, तर ती स्वतःच स्पर्धक म्हणून उतरते. आवळलेल्या पोशाखात हात उचलत नाही, तेव्हा खांद्याची शिवण टरकन फाडून बाण सोडते. बाईचे कपडे कोणाच्या सोयीने शिवतात, हे मुलींना एका क्षणात कळतं. शिवाय इथे आई जिवंत आहे (राजकन्यांच्या गोष्टींत ती बहुधा नसतेच), आणि भांडण नि समेट दोन्ही तिच्याशीच. २०१३मध्ये डिस्नेने याच मेरिडाचं रूप बारीक कंबरेचं, नटवं केलं, तेव्हा सहदिग्दर्शिका ब्रेंडा चॅपमन यांनी उघड निषेध केला होता.

मोआनाच्या वाटेत लग्नाचा विषयच येत नाही. ही मोठी मोकळीक आहे. हृदय चोरीला गेल्यामुळे धगधगणाऱ्या देवीला ती हरवत नाही, ओळखते. तो प्रसंग मला फार आवडतो. पण समुद्राने तिला आधीच निवडलेलं असतं. मेरिडाला कोणीच निवडत नाही, उलट आईच विरोधात असते. आपल्याकडच्या मुलींना हेच जास्त ओळखीचं.

अगदी लहानग्यांना मात्र 'ब्रेव्ह'मधलं अस्वल घाबरवतं. त्यांच्यासाठी मोआना लावा, आणि मुलग्यांनाही सोबत बसवा.