ऑनलाइन कोर्स की कॉलेजातली कार्यशाळा? सोलापूरच्या प्राध्यापकांसाठी

बढतीसाठी प्रमाणपत्र हवं असेल तर मालवीय मिशनचा, म्हणजे केंद्र सरकारच्या प्राध्यापक-प्रशिक्षण योजनेचा, ऑनलाइन कोर्स सोयीचा. घरून होतो, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० समजतं, प्रवास वाचतो.

पण विद्यार्थ्यांना आधार कसा द्यायचा हे शिकायचं तर मी प्रत्यक्ष कार्यशाळाच निवडेन. आपल्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी, शहराच्या पूर्व भागातली मुलं असतात, अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी असतात. कुणाची आई विड्या वळते, कुणी स्वतः रात्रपाळीला यंत्रमागावर उभा असतो. सकाळच्या तासाला तो पेंगला तर रागवायचं की बाजूला घेऊन विचारायचं? सहकाऱ्यांसमोर असे प्रसंग मांडून, एकमेकांचे तास पाहूनच ते उमगतं. मात्र दिवसभर नुसती भाषणं नकोत. निम्मा वेळ सरावाला हवा, आणि महिन्याभरानं सगळ्यांनी पुन्हा एकत्र बसायला हवं.