इथेनॉलची भीती घालून २७,३५० रुपये उकळले: सोलापुरातील जुन्या गाड्यांच्या मालकांनी सावध राहावे

माझ्याकडे २०१२ सालची पेट्रोलवर चालणारी वॅगन आर आहे. ती चढावर ओढेनाशी झाली आणि सकाळी बराच वेळ स्टार्टर मारावा लागू लागला, म्हणून होटगी रस्त्यावरील एका गॅरेजमध्ये नेली. आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया तोंडावर आली होती आणि गाडीवाचून चालण्यासारखे नव्हते, हे मेकॅनिकला मी पहिल्याच बोलण्यात सांगितले होते.

"सर, पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आहे. तुमची गाडी त्याच्यासाठी बनलेलीच नाही. पंप, इंजेक्टर सगळं गेलंय बघा," असे तो म्हणाला. यातील पहिली दोन वाक्ये खरी आहेत, आणि म्हणूनच तिसऱ्यावर विश्वास बसला. ई-२० ला, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला, चालतील असे सुटे भाग एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत आले. त्याआधीच्या गाडीत रबरी नळ्या आणि सील कडक होऊ शकतात, हे वाचलेल्या कोणालाही त्याचे बोलणे पटले असते. त्यातून आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, इथेनॉलची चर्चा घरोघरी चाललेली.

मग त्याने टाकीतील पेट्रोल प्लॅस्टिकच्या बाटलीत काढले, हलवले आणि उन्हात धरले. तळाशी बोटभर वेगळा थर दिसत होता. "हे पाणी इंजिनात जातंय." ती बाटली त्याने आधी माझ्या डोळ्यांदेखत नळाखाली विसळून घेतली होती! इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये दोन-तीन चमचे पाणी पडले तरी इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याबरोबर तळाशी बसते आणि थर घातलेल्या पाण्याच्या कितीतरी पट दिसतो. कोणत्याही पेट्रोल पंपावरच्या ताज्या पेट्रोलचेही असेच होईल. बाटली कोरडी करून घ्यायला लावल्याशिवाय असला प्रयोग मानू नका.

बिल साध्या कागदावर होते, जीएसटी क्रमांक नाही. गाडीतील इंधन पंप ८,९००, इंजेक्टर ४ नग ९,२००, नळ्या व रिंगा १,८५०, टाकी साफ करणे १,५००, 'इथेनॉल ट्रीटमेंट' २,४००, मजुरी ३,५००, एकूण २७,३५०. पैकी १५,००० आगाऊ मोबाईलवरून दिले आणि उरलेले १२,३५० त्याने रोखच मागून घेतले.

चोरी त्या 'इंजेक्टर ४ नग' या ओळीत उघडी पडली होती. या गाडीचे इंजिन तीन सिलिंडरचे आहे, प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारा एक, असे इंजेक्टर तीनच असतात. चौथा बसवायला जागाच नाही! तो कागद माझ्या हातात होता, ती ओळ मी वाचली, बेरीजही तपासली, आणि बेरीज बरोबर होती. पण आपल्या इंजिनात सिलिंडर किती, हे गाडी चालवणाऱ्या किती जणांना सांगता येईल? मेकॅनिककडे आपण जातो ते याच कारणासाठी. जुने भाग मागितले, तर "भंगारवाला घेऊन गेला" असे उत्तर मिळाले. जुना भाग हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका.

पंधरवडा उलटला नाही तोच गाडी पुन्हा तशीच झाली. जुन्या पुणे नाक्याजवळच्या दुसऱ्या मेकॅनिकने पंप बाहेर काढून दाखवला. पंप जुनाच, नुसता पुसलेला. त्याच्या तोंडाशी असलेली रबरी सील चपटी झालेली होती आणि नखाने दाबली तरी दबत नव्हती. नवा पंप बसवला असता तर ही सील तशीच राहिली नसती. खरा बिघाड पंपाच्या कनेक्टरमध्ये होता, त्याची एक पिन जळून काळी पडली होती. ते काम ४५० रुपयांत झाले. बदललेली एकच गोष्ट खरी निघाली, ती म्हणजे रबरी नळी.

पोलीस ठाण्यात सांगितले की हे दिवाणी प्रकरण आहे. वाहन नोंदणीच्या कार्यालयात सांगितले की गॅरेज आमच्या अखत्यारीत नाही. पेट्रोल पंपावर सांगितले की जे वरून येते तेच आम्ही विकतो. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले की काही जुन्या गाड्यांत २०,००० ते ३०,००० किलोमीटरनंतर काही रबरी भाग बदलावे लागू शकतात आणि तो खर्च किरकोळ असतो. मग हे पेट्रोल पंपावर मोठ्या मराठी अक्षरांत का लावत नाहीत? ग्राहकाला जुने पेट्रोल निवडण्याची सोय नाही, जुन्या गाडीत नेमके काय बदलावे याचा कागद कोणी देत नाही, आणि या अंधारात कोणीही बाटली घेऊन उभा राहिला तर त्याला अडवणारे एकही कार्यालय या शहरात मला सापडले नाही. प्रत्येक टेबलावर फक्त पुढचे टेबल दाखवले जाते.

पक्के बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, हेही मला कोणत्याच टेबलावर सांगितले गेले नाही. स्वतः शोधावे लागले. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते. १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. मी आयोगाकडे अर्ज तयार केला असून त्याला तो कागद, मोबाईलवरील व्यवहाराची नोंद आणि जळलेल्या कनेक्टरचा फोटो जोडला आहे. 'इथेनॉल ट्रीटमेंट' लिहिलेले असे बिल आपल्याकडे असेल, तर ते फाडून टाकू नका.