क्रोन्सचं ऑपरेशन झालं, आता अझाथायोप्रिन की अडालिमुमॅब?

क्रोन्समधे (आतड्याला वारंवार सूज येणारा जुनाट आजार) आतड्याचा खराब तुकडा काढला म्हणजे आजार मुळापासून गेला असं नाही, बहुतेकदा जोड दिलेल्या जागीच तो परत डोकं वर काढतो, म्हणून ऑपरेशननंतर पण औषध लागू शकतं.

अझाथायोप्रिन म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी रोजची गोळी, स्वस्त, कुठल्याही मेडिकलमधे मिळते. पण पूर्ण असर यायला २-३ महिने जातात आणि पांढऱ्या पेशी धाडकन खाली येऊ शकतात. आपल्याकडे बऱ्याच जणांत एनयूडीटी१५ नावाच्या जीनमधे फरक असतो, त्यांना हा धोका जास्त, म्हणून शक्य असेल तर ती टेस्ट आधीच करून घ्या, आणि सुरुवातीचे काही आठवडे सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची टेस्ट), लिव्हरची टेस्ट अजिबात चुकवू नका. गाउटसाठी (युरिक ॲसिड वाढून सांधे सुजणं) ॲलोप्युरिनॉल नावाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगाच, दोन्ही एकत्र डेंजर आहे.

अडालिमुमॅब पण प्रतिकारशक्ती दाबतं, पण त्याचं इंजेक्शन साधारण दर दोन आठवड्यांनी, घरीच पोटावर किंवा मांडीवर घेता येतं. आजार परत येऊ नये यासाठी हे जास्त दमदार. अडचण दोन, खर्च (२०१४ पासून भारतीय बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखीच दुसऱ्या कंपन्यांची औषधं आहेत, तरी खिशाला चाट बसतेच) आणि टीबी. लपलेला टीबी उसळू शकतो, त्यामुळे छातीचा एक्सरे आणि टीबीची टेस्ट झाल्याशिवाय सुरू करत नाहीत. शिवाय फ्रीज हवा, लाईट जाणाऱ्या गावात हे मोठं लफडंच.

माझं मत विचाराल तर या ऑपरेशनच्या आधीही एकदा ऑपरेशन झालंय, भगंदर आहे किंवा सिगरेट सुटत नाहीये, अशांनी इंजेक्शनचंच विचारावं. आणि काहीही घ्या, ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतडं आतून बघणं) करायचीच, त्रास नसला तरी.