व्ही-क्रॉसला तीन इंची डाउनपाईप, वर्षभर वापरल्यानंतर

आधी निकाल सांगतो म्हणजे घाईतले लोक मोकळे होतील. डिझेल पिकअपला नुसता डाउनपाईप (टर्बोमधनं धूर खाली नेणारा पाईप) बदलून पॉवर वाढत नाही. टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा, थोडा लवकर जागा होतो, बास. माझं येणंजाणं आंबा घाटातनं आणि गगनबावड्याकडनं असतं त्यामुळं मला पैसे वसूल वाटले, पण तुमची गाडी पुणे-बंगळूर हायवेवरच पळणार असेल तर हेच पैसे चांगल्या टायरला घाला.

गाडी माझी २०१८ ची इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, जुन्या २.५ लिटर बीएस फोर इंजिनची, १३४ पीएस, ३२० न्यूटन मीटर, पाच गिअर मॅन्युअल. ज्यांनी चालवलीय त्यांना माहितीय की हा ३२० चा टॉर्क १८०० ते २८०० आरपीएमच्या मधे आहे आणि १८०० च्या खाली गाडी म्हणजे नुसतं ओझं. सपाटीला काय वाटत नाही, पण चढाचं वळण घेताना सेकंडला टाकली, आरपीएम चौदाशेवर आला, मागं पेंडीची पोती, आणि समोरनं एसटी खाली येतीय, तेव्हा ॲक्सिलरेटर तळाला टेकवून पण दोन सेकंद काहीच होत नाही आणि मग एकदम ढकलल्यासारखी जाते. फर्स्टला टाकावी तर लगेच इंजिन ओरडायला लागतं. हे मधलं पोकळ अंतर कमी करायचं एवढ्यासाठीच सगळा खटाटोप.

डाउनपाईप म्हणजे टर्बोच्या तोंडापासनं खाली उतरणारा पहिला पाईप. इंजिनचा धूर टर्बाइन फिरवतो, पण टर्बाइन फिरतं ते त्याच्या आधीचं प्रेशर आणि नंतरचं प्रेशर ह्यातल्या फरकावर. नंतरचा रस्ता अरुंद असला की धूर तिथं तुंबतो, फरक कमी होतो आणि चक्र उशिरा वेग घेतं. म्हणून टर्बोच्या गाडीत मागचा सायलेन्सर बदलण्यापेक्षा हा पहिला हातभर तुकडा जास्त काम करतो. आता आपल्या गाडीत व्हीजीएस टर्बो आहे, म्हणजे आतली पाती ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) उघडझाप करतो आणि किती बूस्ट, म्हणजे हवेचं जादा प्रेशर, पाहिजे ते मॅपमधे, म्हणजे त्याच्या सेटिंगमधे, ठरलेलं असतं. रस्ता मोकळा झाला तरी ईसीयू ठरलेल्या बूस्टच्या वर जाऊ देत नाही आणि डिझेल पण तेवढंच सोडतो. त्यामुळं जो कोणी सांगतो की नुसत्या पाईपनं वीस एचपी वाढले, त्याला डायनोचा (पॉवर मोजायच्या मशीनचा) कागद दाखवायला सांगा.

घेताना दोन प्रश्न होते, कॅट (धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) ठेवायचा का आणि धातू कुठला. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या फॅब्रिकेशनवाल्यानं पहिल्याच वाक्यात "कॅट काढून सरळ पाईप देतो की, चार-पाच हजार वाचतील" म्हणून सांगितलं. मी नको म्हटलं. एकतर धूर, दुसरं म्हणजे केबिनमधे येणारा तो कच्चा डिझेलचा वास, पोरं मागं बसतात. हाय फ्लो, म्हणजे धूर मोकळा जाऊ देणारा, कॅट घालून घेतला. धातू ३०४ ग्रेडचं स्टेनलेस. माइल्ड स्टील निम्म्यात होतं पण आमच्याकडं पावसाळ्यात गगनबावडा म्हणजे चार महिने पाण्यातच, वरनं रॅप (उष्णता आत धरणारी पट्टी) गुंडाळला की ओल आत धरून ठेवतो आणि माइल्ड स्टील आतनं कुजतं. ४०९ ग्रेडचं स्टेनलेस पण चालतं, कंपन्या बरेचदा तेच वापरतात, वरनं तांबूस गंज धरतो पण फुटत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, ३०४ तापल्यावर ४०९ पेक्षा बरंच जास्त वाढतं, साधारण दीडपट, त्यामुळं मधे बेलो (जाळीचा लवचिक जोड) पाहिजेच. बेलो नसेल तर इंजिन हलतंय एकीकडं, पाईप वाढतोय दुसरीकडं आणि सगळा ताण टर्बोच्या स्टडवर (पाईप धरणाऱ्या आट्याच्या दांड्यांवर). पैसे वाचवायला बेलो गाळणारे कारागीर आहेत, आधी विचारून घ्या.

सगळं मिळून खर्च पंचवीस ते तीस हजाराच्या मधे गेला, ह्यात कॅट, बेलो, आर्गन वेल्डिंग, रॅप आणि बसवायची मजुरी आली.

बसवायच्या दिवशी निम्मा वेळ जुना काढण्यातच गेला. टर्बोच्या फ्लॅंजचे (पाईप जोडायच्या जाड चकतीचे) नट वर्षानुवर्षं तापून थंड होऊन स्टडला चिकटलेले असतात. मिस्त्रीनं आदल्या संध्याकाळीच गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवलेला, सकाळी परत मारला, तरी एक नट हलेना. मग गॅसच्या बत्तीनं फक्त नट लाल केला, स्टड नाही, आणि लांब पाईप घातलेल्या पान्यावर हळूहळू जोर दिला. पहिल्यांदा बारीक कर्रर्र आवाज आला, मिस्त्री थांबला, पाव आटा उलटा फिरवला, परत सोडला, असं पुढं-मागं करत करत नट आला, पण स्टड सोबत घेऊन आला. त्यानं ते आधीच धरलेलं होतं, नवे स्टड आणि तांब्याचा मुलामा दिलेले नट खिशातनंच काढले. घाई करणारा असता तर स्टड टर्बोच्या हाऊसिंगमधे तुटला असता आणि मग ड्रिल मारत बसा. त्यामुळं हे काम घरी जॅकवर करू नका, रॅम्प पाहिजे आणि टर्बोची कामं केलेला हात पाहिजे.

जुना पाईप हातात घेऊन आत बोट घातलं तर काजळीचा थर आणि बेंडच्या जागी पाईप चपटा झालेला स्पष्ट लागत होता. नवीन मॅंड्रेल बेंडचा, वळणावर पण पूर्ण तीन इंच. बसवून चालू केल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं रॅपमधनं धूर निघतो, वास पण जळक्या दोरीसारखा येतो. घाबरायचं काम नाही, त्यातलं बाइंडर जळतं. पण गॅरेजच्या बाहेर जाऊन करा, माझ्या मिस्त्रीच्या शेजारचा भजीवाला वैतागला होता.

आता फरक. मी ओबीडीवर (गाडीच्या सॉकेटला लावायच्या रीडरवर) बूस्ट बघतो. आधी तिसऱ्या गिअरला पूर्ण दाबल्यावर दम यायला अठराशे उजाडायचे, आता साडेपंधराशे-सोळाशेलाच ओढ सुरू होते. सर्वात जास्त बूस्ट आधी होता तेवढाच, काटा एक रेघ पुढं नाही. म्हणजे वर सांगितलं तसंच. पण ते दोन-अडीचशे आरपीएम घाटात फार मोठे आहेत. आंब्यात जिथं मला फर्स्टला उतरावं लागायचं अशा बऱ्याच वळणांवर आता सेकंडमधे निघते, आणि मुख्य म्हणजे तो धक्का गेला, ओढ सरळ चढत जाते. चिखलात लो रेंजला (फोर बाय फोरच्या हळू पण ताकदीच्या गिअरला) पण बरं वाटतं, पाय हळू ठेवला की गाडी हळूच निघते. हायवेवर ओव्हरटेकला फरक शून्य. ॲव्हरेज आधी ११-१२ मिळायचं, आता पण तेवढंच.

त्रास दोन झाले. पहिला लिकेजचा. दोन-तीन महिन्यांनी सकाळी थंड इंजिन चालू केलं की बॉनेटखालनं फुस-फुस-फुस, आणि गरम झाल्यावर बंद. फ्लॅंजच्या कडेला काळी रेघ दिसत होती, म्हणजे धूर तिथनंच निसटतोय. टर्बोच्या नंतर लिक असेल तर बूस्ट जात नाही, पण तो धूर केबिनच्या हवेत जाऊ शकतो, म्हणून दुर्लक्ष करू नका. उघडल्यावर कळलं की वेल्डिंग करताना फ्लॅंज वाकली होती आणि बनवणाऱ्यानं ती नंतर सपाट करून घेतलीच नव्हती, वरनं पॅकिंग पण साधं फायबरचं. गेलो विचारायला तर म्हणे "सगळ्यांना असंच देतो, कुणाची तक्रार नाही". मग दुसरीकडं फ्लॅंज मिलिंगवर घासून घेतली, स्टीलचं पॅकिंग टाकलं, त्यानंतर आवाज नाही. कोल्हापुरात निदान ही सोय आहे की दर चार दुकानांमागं एक मशीनवाला सापडतो. तुम्ही बनवून घेताना वेल्डिंग झाल्यावर फ्लॅंज काचेवर ठेवून खाली उजेड दिसतो का ते तिथंच बघा, आणि फ्लॅंज दहा मिलीमीटरच्या खाली घेऊ नका.

दुसरा त्रास म्हणजे घुमणं. बाहेरनं आवाज फारसा वाढला नाही कारण मागचा सायलेन्सर कंपनीचाच आहे, फक्त टर्बोची शीळ आता काच खाली असली की ऐकू येते, ती मला आवडते, खोटं कशाला बोलू. पण दोन हजार आरपीएमच्या आसपास केबिन भरून येतं. चार सिलिंडरचं इंजिन दोन हजारला सेकंदाला साधारण ६७ वेळा फायर होतं आणि तेवढ्या कमी फ्रिक्वेन्सीला बंद केबिन ढोलासारखं वाजतं. नेमका हाच आरपीएम पाचव्या गिअरला हायवेवर धरला जातो. सोबत बसलेले आमचे अण्णा सातारपर्यंत गप्प बसले आणि मग म्हणाले "ह्यापेक्षा ट्रॅक्टर बरा, त्याला निदान उघड्यावर बसतो आपण". पुढं मधल्या पाइपात एक रेझोनेटर (घुमणारा आवाज मारणारा डबा) घालून घेतला, घुमणं ऐंशी टक्के गेलं, उरलेल्याची सवय झाली. अण्णांना झालेली नाही.

आता कायद्याचं, कारण हे कुणी सांगत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं दिलेल्या स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालत नाही, २०१९ मधे सुप्रीम कोर्टानं पण तेच ठामपणे सांगितलंय, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकानं नियमाबाहेर केलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. कॅट ठेवला म्हणून तुम्ही सुटलात असं नाही, पीयूसी पास म्हणजे बदल मंजूर असं पण नाही. पीयूसीत बीएस फोर डिझेलला धुराच्या काळेपणाची मर्यादा १.६२ (प्रति मीटर) आहे, माझी गाडी आरामात पास झाली, पण कॅट काढलेली आणि वरनं रिमॅप (ईसीयूचं सेटिंग बदलून पॉवर वाढवणं) मारलेली गाडी काळा धूर ओकत जाते तिचं काय होईल ते सांगायला नको. इन्शुरन्सवाले पण क्लेमच्या वेळी बदलावर बोट ठेवू शकतात. वॉरंटीतली गाडी असेल तर विषयच सोडा. जुना पाईप मी तेल लावून पोत्यात बांधून गोठ्याच्या माळ्यावर ठेवलाय, तुम्ही पण भंगारात घालू नका, पुढं कधी मूळ पाइपावर यायचं झालं तर नवा घ्यायला रडू येईल.

आणि बीएस सिक्सवाले, म्हणजे १.९ लिटर, १६३ पीएसवाले, तुम्ही ह्यात पडू नका. तुमच्या गाडीत डीपीएफ (काजळी पकडणारा फिल्टर) आहे, त्याच्या आधी-नंतर सेन्सर आहेत, पाइपाची लांबी-रुंदी बदलली की टेम्परेचरचा हिशोब बिघडून रीजनरेशन, म्हणजे ती काजळी जाळून फिल्टर साफ होणं, नीट होईना झालं तर गाडी लिम्प मोडमधे जाईल, म्हणजे पॉवर कमी करून रांगायला लागेल. आणि डीपीएफ काढून टाकतो म्हणणाऱ्याच्या दारात पण उभं राहू नका, ते सरळ बेकायदेशीर आहे. शिवाय त्या इंजिनला ३६० न्यूटन मीटर आहे, घाटात तुम्हाला माझ्याइतकी गरजच नाही.

रिमॅपचं सगळे विचारतात. पाईप मोकळा आहे तर मॅप करून घे, खरी मजा तेव्हाच, असं रिमॅपवाले म्हणतात आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे. पण क्लच अजून कंपनीचा आहे, गाडी लोड ओढते, खाली टॉर्क वाढवला की पहिला क्लचच घसरणार आणि तो खर्च पाइपापेक्षा मोठा. क्लच कधीतरी बदलायची वेळ येईलच, तेव्हा बघू. तोपर्यंत सर्व्हिसला गाडी वर घेतली की फ्लॅंजचे नट, बेलोची जाळी आणि रॅपच्या क्लिपा एवढं मी स्वतः खाली वाकून बघतो. गेल्या वेळी एक क्लिप सैल निघाली, बाकी सगळं जागेवर.