आधीची बाटली संपल्याशिवाय नवी घ्यायची नाही: केसांच्या नैसर्गिक प्रसाधनांबाबत काही महिने पाळलेल्या नियमाचा अनुभव

तेले, लेप, वनस्पतिजन्य शॅम्पू, कोरफडीचे जेल, बिनरसायन म्हणवणारे कंडिशनर असा केसांचा साठा गरजेपलीकडे वाढत जाण्याची सवय ज्यांना आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. मलाही ती सवय होती, आणि ती आटोक्यात आणण्यासाठी मी एकच नियम ठरवला. ज्या प्रकारचे प्रसाधन घरात उघडलेले आहे, ते पूर्ण संपेपर्यंत त्याच प्रकारचे दुसरे घ्यायचे नाही. शॅम्पू असेल तर शॅम्पू नाही, तेल असेल तर तेल नाही, मग त्यावर कितीही सवलत असो. आता पुरेसे महिने लोटले असल्याने या नियमाने काय साधले आणि तो कुठे अपुरा पडला, हे नेमकेपणाने सांगता येईल.

सर्वांत मोठा फायदा मला अपेक्षित नव्हता. खर्च कमी होणार आणि जागा मोकळी होणार हे उघडच होते, पण प्रत्येक प्रसाधनाला पहिल्यांदाच पुरेसा वेळ मिळाला. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतो. केस वाढीच्या अवस्थेतून विश्रांतीच्या अवस्थेत गेला की तो गळून पडायला साधारण 2 ते 3 महिने लागतात, त्यामुळे आज जे केस कंगव्यात दिसतात त्यांच्या गळण्याचे कारण बहुधा काही महिन्यांपूर्वी घडून गेलेले असते. ताप, बाळंतपण, एकदम घटलेले वजन, मोठा मानसिक ताण ही त्यातली नेहमीची कारणे. शिवाय दिवसाला 50 ते 100 केस गळणे हे सामान्यच मानले जाते. असे असताना आठवडाभर एखादे तेल लावून ‘याचा काही उपयोग नाही’ असे ठरवणे आणि लगेच पुढचे तेल मागवणे, यात पहिल्या तेलावरही अन्याय होतो आणि दुसऱ्या तेलाला नसलेले श्रेय मिळण्याची शक्यता निर्माण होते. गळणे आपोआप थांबण्याच्या सुमारास जी बाटली हातात असेल ती गुणकारी ठरते, आणि मग तिच्याच जातीच्या आणखी बाटल्या येतात. खरेदी काही मिनिटांत होते, केसांचे उत्तर यायला ऋतू बदलावा लागतो. माझ्या मते या सवयीचे मूळ याच तफावतीत आहे, आणि नियम उपयोगी पडतो तो निग्रह वाढवतो म्हणून कमी आणि ही तफावत भरून काढतो म्हणून जास्त.

दुसरी गोष्ट लेबल वाचण्याची. साठा संपवत जाताना मी बाटल्या एकमेकींशेजारी ठेवून घटकांच्या याद्या वाचल्या, आणि वेगवेगळ्या नावांनी घेतलेल्या कंडिशनरमधले साम्य पाहून थक्क झाले. आधी पाणी, मग सेटिल किंवा सेटिअरिल अल्कोहोल, मग बेहेन्ट्रिमोनियम क्लोराइड किंवा त्याच्या जवळचा एखादा घटक, हा सांगाडा जवळजवळ सगळीकडे तोच. हे घटक वाईट मुळीच नाहीत. सेटिल अल्कोहोल हे केस कोरडे करणारे मद्यार्क नसून मेणासारखा मऊ पदार्थ आहे, आणि बेहेन्ट्रिमोनियमवरील धन विद्युतभार केसाच्या ऋणभारित पृष्ठभागाला धरून बसतो, म्हणूनच गुंता सुटतो. मुद्दा एवढाच की काम हा सांगाडा करतो, आणि बाटलीच्या दर्शनी भागावर चित्र मात्र फुलाचे किंवा बियांचे असते. अनेक देशांच्या नियमांनुसार 1 टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात आणि त्याखालचे कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. युरोपीय संघात फेनॉक्सिइथेनॉल हे परिरक्षक, म्हणजे प्रसाधनात जंतू वाढू न देणारा घटक, जास्तीत जास्त 1 टक्का वापरता येते. म्हणजे हा नियम पाळून बनवलेल्या प्रसाधनाच्या यादीत एखादा वनस्पतीचा अर्क फेनॉक्सिइथेनॉलच्या नंतर आला असेल, तर त्याचे प्रमाण 1 टक्क्यापेक्षा अधिक नसणार. ही एक खूण कळल्यानंतर माझ्या मनातली अर्धी ओढ ओसरली, कारण मला भुरळ घालणारा घटक जवळपास दरवेळी त्या खुणेच्या खालीच सापडत होता.

‘नैसर्गिक’ या शब्दाला सौंदर्यप्रसाधनांच्या बाबतीत जगभर लागू होईल अशी एकच कायदेशीर व्याख्या नाही. नैसर्गिक घटकांचे प्रमाण कसे मोजावे यासाठी आयएसओ 16128 हे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मानक आहे, पण बाटलीवर तो शब्द कधी छापावा हे ते ठरवत नाही.

तेलांच्या बाबतीत नियमाने मला निवड करायला शिकवले. खोबरेल तेल ज्या मेदाम्लांचे बनलेले असते त्यांपैकी जवळपास निम्मे लॉरिक आम्ल असते, त्याचा रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे तो केसाच्या आत शिरू शकतो. खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना करणारा 2003 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे, त्यात केसांतील प्रथिनांचा ऱ्हास लक्षणीयरीत्या कमी केला तो केवळ खोबरेलाने. एरंडेल तेल दाट आणि चिकट असते, ते केसांवर थर देते, चमक देते, पण ते धुऊन काढताना होणारी ओढाताण नाजूक केसांना सोसत नाही, असे मला सलग वापरानंतर स्पष्ट दिसले. जोजोबा हे रासायनिकदृष्ट्या तेल नसून द्रवरूप मेण आहे. ही तिन्ही एकाच वेळी उघडी असताना मला त्यांतला फरक कधीच कळला नसता.

आता नियम जिथे अपुरा पडला त्याविषयी. ‘आहे ते संपवा’ हे तत्त्व टिकाऊ वस्तूंना लागू पडते, नैसर्गिक प्रसाधने मात्र अनेकदा टिकाऊ नसतात. ज्यात पाणी आहे आणि परिरक्षक नाही, अशा लेपात किंवा घरी केलेल्या जवसाच्या जेलमध्ये जंतू आणि बुरशी फार लवकर वाढतात, आणि ही वाढ वासावरून किंवा रंगावरून कळेलच असे नाही. जवस, द्राक्षबी, सूर्यफूल यांसारखी असंतृप्त, म्हणजे हवेशी चटकन संयोग पावणाऱ्या, मेदाम्लांनी भरलेली तेले हवा आणि उजेडाने खवट होतात. टी ट्री किंवा लव्हेंडरसारखी सुगंधी तेले जुनी झाली की त्यांतील घटकांचे ऑक्सिडीकरण होते आणि त्यांची ॲलर्जी होण्याचा धोका वाढतो. पैसे वाया जाऊ नयेत म्हणून असे जुने प्रसाधन टाळूवर संपवणे हा नियमाचा दुरुपयोग आहे, आणि मी त्यात ठामपणे अपवाद केला. बाटलीवर उघड्या डबीचे चिन्ह आणि त्यात 6 एम किंवा 12 एम असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ उघडल्यापासून तितके महिने. बाटली उघडल्याची तारीख मी आता चिकटपट्टीवर लिहून लावते. ज्यांचा साठा मोठा आहे त्यांनी सुरुवातीलाच तो दोन भागांत विभागावा आणि मुदत उलटलेले, वास बदललेले, थर वेगळे झालेले सगळे काढून टाकावे, मगच संपवण्याचा हिशेब सुरू करावा. उरलेल्यांत जवसाचे किंवा द्राक्षबियांचे तेल आधी वापरावे. खोबरेल आणि जोजोबा बराच काळ टिकतात, त्यांना शेवटी ठेवले तरी चालते.

न उघडलेल्या बाटल्या मी ओळखीच्यांना दिल्या, त्यात सांगण्यासारखे फार काही नाही.

केसांवर परिणाम काय झाला, हा प्रश्न वाचणाऱ्यांच्या मनात असेलच. गुंता कमी झाला आणि टाळूची खाज जवळजवळ थांबली. याचे श्रेय कोणत्याही एका प्रसाधनाला देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. एकावर एक थर साचणे थांबले आणि टाळूला लागणाऱ्या सुगंधी घटकांची संख्या घटली, एवढे निश्चित सांगता येते. दुभंगलेली टोके मात्र दुभंगलेलीच राहिली, कारण टाळूबाहेर आलेला केस केराटिन या प्रथिनाचा, मृत असतो आणि फाटलेले टोक कोणतेही तेल पुन्हा जोडू शकत नाही. त्यासाठी कात्रीच लागते.

ओढीचे काय, तर ती पूर्ण गेलेली नाही. पहिल्या काही आठवड्यांत ती सर्वांत तीव्र होती, विशेषतः रात्री, थकलेल्या अवस्थेत मोबाइल हातात असताना. त्या वेळी कार्टमध्ये वस्तू न टाकता तिच्या घटकांची यादी वहीत उतरवून ठेवण्याचा उपाय मला मानवला. यादी लिहून होईपर्यंत बहुतेक वेळा असे लक्षात येत असे की हीच रचना घरात आहे. तथापि, ज्यांची खरेदी केसांपुरती मर्यादित नाही, जे कर्ज काढून किंवा घरच्यांपासून लपवून घेतात, घेतल्यानंतर ज्यांना तीव्र अपराधी वाटते आणि तरीही थांबता येत नाही, त्यांनी अशा नियमावर विसंबून राहू नये. अनिवार खरेदीचे वर्णन मानसोपचारात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी 11 या रोगांच्या वर्गीकरणात तिचा उल्लेख आवेग नियंत्रणाच्या विकारांमध्ये येतो. तिच्यासाठी बोधात्मक वर्तन उपचार, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारे समुपदेशन, वापरले जातात, आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही. त्याचप्रमाणे केस खरोखरच झपाट्याने गळत असतील किंवा चकत्या पडत असतील, तर नव्या तेलाच्या शोधात महिने घालवू नयेत, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

मी हा नियम पुढेही चालू ठेवणार आहे, एका बदलासह. यापुढे कोणतेही नवे प्रसाधन उपलब्ध असलेल्या सर्वांत लहान आकारातच घेईन, कारण मोठी बाटली दर थेंबामागे स्वस्त पडली तरी परिरक्षक बेताचेच असलेली वस्तू मुदतीत संपत नाही, आणि न आवडलेली मोठी बाटली संपवण्याचे ओझे हेच पुन्हा नवी बाटली उघडण्याचे सर्वांत सोपे निमित्त ठरते.